करड्या पानातलं पाणी

आपल्या मोबाइलच्या कॅमेऱ्याला रंग दिसत नाहीत. भिंगामागच्या सेन्सरवर कोट्यवधी सूक्ष्म चौकोन असतात आणि त्यातला प्रत्येक चौकोन एवढंच मोजतो, की आपल्यावर प्रकाश किती पडला. तो तांबडा होता की हिरवा, याचा त्याला पत्ता नसतो. म्हणून प्रत्येक चौकोनावर एकेका रंगाचं पारदर्शक आवरण बसवलेलं असतं: निम्म्यांवर हिरवं, पाव हिश्श्यावर लाल, उरलेल्या पावावर निळं. हिरव्या आवरणाखालचा चौकोन किती उजळला, शेजारचा लाल आवरणाखालचा किती, हे ताडून फोन रंगाचा हिशोब मांडतो. ही मांडणी कोडॅकमधल्या ब्राइस बेयर यांची, पेटंट १९७६चं. खिडकीतल्या मनी प्लांटचा फोटो काढून आपण ‘ब्लॅक अँड व्हाइट’वर बोट ठेवतो तेव्हा एक अजब फेरी पूर्ण होते. मुळात करड्या छटांत मोजलेलं पान हिशोबाने हिरवं झालेलं असतं, आणि आपण ते परत करडं करतो.

या कल्पनेची एक जुनी वाट डब्लिनमधून जाते. मी राहते त्या शहरातून, म्हणून मला तिचं अप्रूप जरा जास्तच आहे.

ट्रिनिटी कॉलेजमधल्या जॉन जोली यांनी १८९४ साली रंगीत छायाचित्रणाच्या एका पद्धतीचं पेटंट घेतलं. जोली शिक्षणाने इंजिनिअर, पुढे भौतिकशास्त्रात रमलेले, आणि १८९७पासून त्याच कॉलेजात भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक. त्यांनी एका काचेवर नारिंगी-लाल, पिवळसर हिरव्या आणि निळ्या-जांभळ्या रंगाच्या रेघा ओढल्या. एकीला लागून दुसरी, तिला लागून तिसरी, पुन्हा पहिली. प्रत्येक रेघ मिलिमीटरच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याएवढी. कॅमेऱ्यात साध्या कृष्णधवल प्लेटच्या पुढ्यात ही काच लावायची आणि फोटो घ्यायचा. त्या निगेटिव्हवरून काचेवर पॉझिटिव्ह चित्र तयार करायचं आणि त्याच्यावर तशाच रेघांची दुसरी काच अचूक जुळवून धरायची. रेघ रेघेवर बसली की चित्रात रंग उजळतात. काच बाजूला केली की हातात उरतं ते निव्वळ करडं, बारीक पट्ट्यापट्ट्यांचं चित्र. एक प्लेट, तीन रंगांची गाळणी आणि रंग जुळवण्याचं काम पाहणाऱ्याच्या डोळ्यावर सोपवलेलं. फ्रान्सच्या लुई द्युको द्यु ओराँ यांनी ही शक्यता पंचवीसेक वर्षं आधी लिहून ठेवली होती, पण तिला बाजारात नेण्याइतकं प्रत्यक्ष रूप दिलं ते जोलींनी.

त्या काचेखाली हिरवं पान कसं उमटत असेल, याचा विचार करून बघा. पॉझिटिव्ह चित्रात हिरव्या रेघांखालचा भाग उजळ, लाल आणि निळ्या रेघांखालचा काळपट. पानाचा हिरवेपणा म्हणजे तीन पट्ट्यांमधला उजेडाचा फरक, बाकी काही नाही.

जोलींची पद्धत फार चालली नाही. काचा महाग होत्या. त्याहून मोठी अडचण म्हणजे त्या काळच्या प्लेटना लाल प्रकाश नीट पकडताच येत नव्हता. आणखी मागे गेलं तर परिस्थिती पानांच्या दृष्टीने फारच बिकट होती. जोलींचा जन्म १८५७चा, आजच्या ऑफली परगण्यातला. त्याच परगण्यातल्या बर गावच्या किल्ल्यात त्या वेळी मेरी रॉस नावाची बाई स्वतःच्या डार्करूममध्ये काम करत होती. तिच्या नवऱ्याने, तिसऱ्या अर्ल ऑफ रॉसने, १८४५ साली किल्ल्याच्या आवारात ७२ इंची आरशाची दुर्बीण उभी केली होती. ती दुर्बीण आज आपल्याला तिच्या काळातल्या रूपात दिसते, त्याचं बरंचसं श्रेय मेरीच्या फोटोंना आहे. १८५९ साली तिला आयर्लंडच्या फोटोग्राफिक सोसायटीचं रौप्यपदक मिळालं, कागदी निगेटिव्हसाठी. पण तिच्या हातातली रसायनं जवळजवळ फक्त निळा आणि जांभळा प्रकाश ओळखत. पान नेमका निळा प्रकाश गिळून टाकतं. म्हणून त्या काळच्या फोटोंत आभाळ कोरं पांढरं आणि झाडं काळीकुट्ट. १८७३ साली जर्मनीत हेर्मान फोगेल यांना आढळलं, की प्लेटमध्ये विशिष्ट रंगद्रव्य मिसळलं तर ती हिरव्या प्रकाशालाही प्रतिसाद देते. पानाला फोटोत करडेपणा मिळाला तो तेव्हापासून.

आता घरातल्या पानाकडे येऊ. पान हिरवं दिसतं म्हणून आपली समजूत असते, की ते भरपूर हिरवा प्रकाश परत पाठवत असेल. तसं नाही. गडद पान स्वतःवर पडलेल्या हिरव्या प्रकाशातला दहा-पंधरा टक्केच परत पाठवतं, लाल आणि निळा तर पाचेक टक्के. बाकीचा हरितद्रव्याच्या स्वाधीन होतो किंवा पानातून आरपार जातो. आपला डोळा हिरव्या-पिवळ्या प्रकाशाला सर्वाधिक संवेदनशील असल्यामुळे तेवढ्यावरही पान ताजंतवानं भासतं. फोनला मात्र ही वस्तू काळोखी वाटते आणि तो तिला उजळवायला धावतो. त्या धांदलीत पानाचा पोत धुऊन जातो. म्हणून फोटो घेण्याआधी पानावर बोट ठेवायचं आणि पडद्यावर येणारं सूर्याचं चिन्ह थोडं खाली ओढायचं. पान त्याच्या खऱ्या गडदपणावर आलं की शिरा वर येतात.

पानावरची लकाकी हा वेगळाच प्रकार आहे. रबर प्लांटच्या पानावर जो पांढरा झगमगाट दिसतो, तो प्रकाश पानात शिरलेलाच नसतो. पानाच्या वरच्या मेणचट थरावरून तो परत उडालेला असतो, त्यामुळे त्यात पानाचा रंग नसतो, खिडकीचा असतो. अशा तिरक्या परावर्तनात प्रकाशाच्या लहरी बहुतांशी एकाच दिशेने डोलतात. पोलराइज्ड गॉगलची काच फोनच्या भिंगासमोर धरून हळूहळू फिरवली, तर एका ठिकाणी हा झगमगाट मावळतो आणि पानाच्या आतून आलेला प्रकाश तेवढा उरतो. पहिल्यांदा करताना अंगावर काटा येतो. एकच पान, एकच खिडकी, आणि काच पाव फेरी फिरली की दुसरंच पान समोर.

फोनमधल्या बऱ्याच संपादन ॲपमध्ये कृष्णधवल करताना मूळ रंगांचं वजन बदलता येतं. हिरवा वाढवला की पान उजळतं, निळा वाढवला की काळवंडतं. मेरी रॉसच्या काळातलं झाड बघायचं असेल तर फक्त निळा ठेवून बघा. रंगीबेरंगी मनी प्लांटवर हे करण्यात फार मजा आहे, कारण त्याच्या पांढऱ्या भागात हरितद्रव्य जवळजवळ नसतंच. पेशी आणि त्यांच्यामधल्या हवेच्या पोकळ्या प्रकाश विखुरतात म्हणून तो भाग पांढरा दिसतो. निळ्यात आणि लालमध्ये हा भाग झळाळतो आणि शेजारचा हिरवा भाग बुडून जातो. हरितद्रव्य पानात नेमकं कुठवर आहे, याचा तो नकाशाच असतो.

आपल्याकडे गणपतीच्या पत्रीतली शमी, आघाडा, मरवा, धोत्रा ही पानं घरातल्या बायका रंगावरून ओळखत नाहीत. रंग सगळ्यांचा हिरवाच. कडा कातरलेली आहे का, पान खरखरीत आहे की लवदार, पानं फांदीवर समोरासमोर आहेत की आळीपाळीने, यावर ती ओळख असते. कृष्णधवल फोटोत नेमकं एवढंच उरतं, आणि म्हणून घरातली पानं या माध्यमाला इतकी मानवतात.

प्रकाशाचं म्हणाल, तर आयर्लंडसारखी जागा नाही. डब्लिन विषुववृत्तापासून ५३ अंश उत्तरेला. डिसेंबरच्या मध्याला भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम १३ अंश वर येतो आणि दिवस साडेसात तासांचा. त्याच दिवशी मुंबईत तो ४७ अंशांवर असतो. इथल्या हिवाळ्यात दक्षिणेच्या खिडकीतून ऊन आलंच तर ते जवळजवळ आडवं येतं, थेट पलीकडच्या भिंतीपर्यंत. असं ऊन पानाच्या पृष्ठभागाला घासून जातं आणि एरवी न दिसणाऱ्या उंचसखलपणाला सावली देतं. कुंडीतल्या तुळशीचं पान या उन्हात कडेने बघावं. त्याच्या कडेवरची आणि देठावरची लव एकेक वेगळी उजळते. बाकीच्या दिवशी आभाळ भरलेलं असतं. मग संपूर्ण आकाश हाच एक दिवा होतो, सावल्यांना कडा राहत नाहीत आणि उत्तरेच्या खिडकीशी ठेवलेल्या पानातल्या फिक्या करड्यापासून गडद करड्यापर्यंतच्या सगळ्या पायऱ्या सुट्या दिसतात. तुळशीला हे हवामान अजिबात मानवत नाही, हेही खरं. ती इथे खिडकीत जगवावी लागते.

खिडकीपासून आत जाताना उजेड किती झपाट्याने कमी होतो, हे आपल्याला कळत नाही, कारण डोळा जुळवून घेतो. झाड आणि कॅमेरा जुळवून घेत नाहीत. हे मोजायचं एक सुरेख साधनही जोलींचंच आहे. मेणाचे दोन सारखे ठोकळे, मध्ये धातूचा वर्ख, बस. एका बाजूचा प्रकाश एका ठोकळ्यात झिरपतो, दुसऱ्या बाजूचा दुसऱ्यात, वर्खामुळे ते मिसळत नाहीत. दोन्ही ठोकळे सारखे उजळ दिसले आणि मधली रेघ दिसेनाशी झाली, की दोन्ही बाजूंचा प्रकाश समान. जाड पांढऱ्या मेणबत्तीचे दोन काप आणि स्वयंपाकघरातली फॉइल घेऊन हे घरी करता येतं. एक बाजू खिडकीकडे करा, दुसरी टेबललॅम्पकडे, आणि रेघ मावळेपर्यंत दिवा मागेपुढे सरकवा. मग ठोकळे कुंडीच्या नेहमीच्या जागी न्या आणि पुन्हा करा. दिवा दुप्पट लांब न्यावा लागला, तर त्या जागी खिडकीचा प्रकाश चौथाई उरला आहे. कमी उजेडात फोन फोटो घ्यायला जास्त वेळ घेतो, म्हणून तो पुस्तकांच्या चवडीवर टेकवून टायमर लावावा. इथल्या घरांत खिडकीखाली बहुधा रेडिएटर असतो. त्याची गरम हवा वर चढते आणि पान डुलत राहतं. फोटोपुरता तो बंद करावा.

पण हे सगळं पानाच्या पुढून पडणाऱ्या प्रकाशाचं झालं. पान खिडकीच्या आणि आपल्या मध्ये धरलं, की विषय बदलतो.

लहानपणी पुस्तकात ठेवलेल्या पिंपळपानाची जाळी बहुतेकांना आठवेल. मऊ भाग गळून जातो आणि शिरांचं विणकाम तेवढं राहतं. जिवंत पानात ती जाळी बघायला वाट पाहावी लागत नाही, मागून उजेड पुरतो. काळ्या पुठ्ठ्याला पानाहून थोडं लहान भोक पाडायचं, त्यावर पान चिकटवायचं आणि पुठ्ठा खिडकीशी धरायचा. रंग काढून टाकले की मधली शीर, तिच्या शाखा, त्यांच्या उपशाखा आणि त्यांनी आखलेले अगदी बारीक कप्पे दिसू लागतात. नीट बघितलं तर बहुतेक रुंद पानांत या शिरा फक्त फाटत जात नाहीत, पुन्हा एकमेकींना मिळतात. वाटाच वाटा, वळसेच वळसे. एलेनी कातिफोरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१०मध्ये गणिताने दाखवलं, की किडीने कुठे भोक पाडलं तरी पाणी वळसा घालून पुढे जावं, यासाठी ही वळशांची रचना उत्तम ठरते. गिंको या प्राचीन झाडाच्या पानात असे वळसे नाहीत. तिथे शीर तुटली की तिच्या पुढचा भाग तहानेला.

आरपार दिसण्याची कमाल बघायची तर किलार्नी नेच्याचं नाव घ्यायला हवं. आयर्लंडच्या नैऋत्येकडच्या ओल्या, काळोख्या कपारींत वाढणाऱ्या या नेच्याचं पान शिरा सोडल्या तर एका पेशीच्या जाडीचं असतं. त्याला पर्णरंध्रं नसतात, जपून ठेवायला आत पाण्याचा साठा नसतो, आणि हवा कोरडी झाली की ते सुकतं. एकोणिसाव्या शतकात नेचे जमवायचं वेड इतकं पसरलं, की दिवाणखान्यातल्या बंद काचपेट्यांत ठेवण्यासाठी लोकांनी या नेच्याच्या कपारी ओरबाडून काढल्या. आज आयर्लंडमध्ये त्याला कायद्याचं संरक्षण आहे. एका घरगुती छंदाने एक वनस्पती जवळजवळ संपवली, ही गोष्ट घरात रोपं ठेवणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी अशी आहे.

शिरांमधून पाणी वाहतं, हे शाळेत शिकलेलं असतं. ते वर चढतं कसं, हा प्रश्न मात्र १८९०च्या दशकापर्यंत सुटला नव्हता. हवेचा दाब पाण्याला फार तर दहा मीटरपर्यंत ढकलू शकतो. कॅलिफोर्नियातली रेडवुडची झाडं ११५ मीटरपर्यंत जातात. झाडाच्या जिवंत पेशी पाणी उपसत असतील, असा एक अंदाज होता. बॉनमध्ये एडुआर्ड श्ट्रासबुर्गर यांनी खोडांना विषारी द्रावण पाजून पेशी मारल्या, तरी द्रव वर चढतच राहिला. त्यांच्याकडे शिकून आलेला एक तरुण वनस्पतिशास्त्रज्ञ डब्लिनला परतला. त्याचं नाव हेन्री होरेशिओ डिक्सन, आणि ट्रिनिटीतला त्याचा जिवलग मित्र होता जॉन जोली.

होय, तेच जोली, आणि वर्षही तेच, १८९४. रेघांच्या काचेचं पेटंट घेतलं त्याच वर्षी जोली आणि डिक्सन यांनी रॉयल सोसायटीपुढे झाडात पाणी चढण्याची आपली उपपत्ती मांडली. सविस्तर निबंध पुढच्या वर्षी छापून आला. त्यांचं म्हणणं असं: पाणी खालून ढकललं जात नाही, वरून ओढलं जातं, आणि ओढणारं असतं पान. पानाच्या आतल्या ओल्या पेशीभित्तींवरून पाण्याची वाफ होते आणि पर्णरंध्रांतून बाहेर जाते. भित्तीतल्या अतिसूक्ष्म छिद्रांत उरलेलं पाणी आत खचतं, पण पृष्ठताण त्याला मागे सरू देत नाही, म्हणून ते मागच्या पाण्याला ओढतं. पाण्याचे रेणू एकमेकांना इतके घट्ट धरून असतात, की ही ओढ शिरांतून, देठातून, खोडातून थेट मुळापर्यंत पोचते. विहिरीतून पोहरा ओढावा तसा प्रकार, फक्त इथे दोरही पाण्याचा आणि पोहऱ्यातही पाणीच.

पाणी ओढताना तुटत नाही, हे लोकांना पटणं कठीण होतं. दोघांनी काचनळीत हवा काढून टाकलेलं पाणी जवळजवळ काठोकाठ भरून नळी बंद केली. गरम केल्यावर पाणी प्रसरण पावून नळी पूर्ण व्यापते. थंड होताना ते आकसायला हवं, पण काचेला आणि स्वतःला धरून ताणलेलंच राहतं आणि मग एकदम तुटतं. त्या तुटण्याआधी पाण्याने हवेच्या दाबाच्या कित्येक पट ताण सोसलेला असतो. शंका घेणाऱ्यांची तोंडं लगेच बंद झाली नाहीत. झाडांमधला हा ताण सर्रास मोजता येऊ लागला तो १९६५नंतर, पेर शोलांडर यांच्या दाबकुंभ या उपकरणामुळे, आणि तो दहा-वीस वातावरणांइतका, कधी त्याहूनही जास्त भरला.

मला जोली या माणसाबद्दल विलक्षण आदर वाटतो. एकाच वर्षात त्याने पानाचा हिरवेपणा करड्या पट्ट्यांत मांडून दाखवला आणि त्याच पानापर्यंत पाणी कसं पोचतं, हेही सांगितलं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे, असं त्याला वाटलं असेल की नाही, कोण जाणे. आज मात्र त्या एकत्र आल्या आहेत, आणि त्याही कृष्णधवल फोटोतच.

२०१६ साली टास्मानिया विद्यापीठात टिम ब्रॉड्रिब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुकत चाललेल्या पानांमागून प्रकाश टाकला आणि ठरावीक वेळाने फोटो घेत राहिले. पाणी मिळेनासं झालं की ताण वाढत जातो आणि एका क्षणी शिरेतला पाण्याचा धागा तुटतो. तिथे हवा शिरते. हवेने भरलेली शीर प्रकाश जास्त विखुरते, म्हणून मागून येणारा उजेड तिच्यातून कमी बाहेर पडतो आणि ती किंचित काळवंडते. बदल इतका थोडा, की डोळ्याला दिसणार नाही. पण एका करड्या फोटोतून दुसरा वजा केला, की जिथे काही घडलं नाही तिथे शून्य उरतं आणि जिथे धागा तुटला तिथे रेघ. अशी वजाबाकी ओळीने मांडली, तर पानाची तहान शिरेशिरेतून कशी पसरते ते दिसतं. डिक्सन आणि जोलींनी नळीत तोडून दाखवलेलं पाणी जिवंत पानाच्या आत तुटताना दिसतं.

घरी करून बघायचं तर पातळ पानाचं रोप निवडावं, उदाहरणार्थ जास्वंद किंवा कुंडीतला टोमॅटो. मनी प्लांटची जाड पानं लवकर सुकत नाहीत. पानं असलेली फांदी कापावी, त्यातलं एक पान न तोडता फोटोफ्रेमच्या काचेवर चिकटपट्टीने सपाट बसवावं, म्हणजे आकसताना ते फार सरकणार नाही. मागे खिडकी नको, कारण इथे ढग मिनिटामिनिटाला उजेड बदलतात. पांढऱ्या कागदाआड एक स्थिर दिवा ठेवावा. फोन घट्ट बसवून फोकस आणि उजेड दोन्ही कुलूपबंद करावेत आणि काही तास दर दोन-तीन मिनिटांनी फोटो घेत राहावं. वजाबाकीसाठी ‘इमेजजे’ हे मोफत सॉफ्टवेअर पुरतं. शास्त्रज्ञही तेच वापरतात. नजर आधी मधल्या शिरेवर ठेवावी. टास्मानियातल्या पानांत जाड शिरा आधी तुटल्या, बारीक जाळी सर्वांत शेवटी.